उंटाचे पुढचे पाय

प्रिय ताई,

ताई म्हटलं म्हणून दचकू नका. तुम्हाला काय म्हणून हाक मारावी यावर माझे बरेच कागद फाडून झाले. बाई म्हणावं तर शाळेत आल्यासारखं वाटतं, मॅडम म्हणावं तर बँकेत, आणि आपल्या भाषेत या नात्याला जो एक तयार शब्द आहे तो नुसता उच्चारला तरी हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. शेवटी तुमचा लेकच मदतीला आला. लग्न करून मी या घरात आले तेव्हा त्याने मला दारातच बजावलं होतं की आई मला आहे, दुसरी नको. मी म्हटलं, बरं बाबा. मग थोडे दिवस माझं निरीक्षण करून त्याचा त्यानेच मला मावशी करून टाकलं. आता मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे त्याच्या हिशेबाने तुम्ही माझ्या ताई लागता. हिशेब त्याचा आहे, चुकला असेल तर त्याचा कान धरा.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तो पाच वर्षांचा होतोय, हे तुम्हाला मी सांगायला नको. यंदा छोट्या साहेबांनी आधीच जाहीर केलंय की वाढदिवस ढांगूचा करायचा. तुम्ही महिन्यातून एकदा त्याला घेऊन जाता तेव्हा ढांगूच्या नावाने तुमचंही डोकं खात असणारच. नसेल तर नशीबवान आहात, ऐका. ढांगू हा टीव्हीवरचा कार्टूनमधला उंट. त्याची गंमत अशी की त्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय वेगवेगळ्या मतांचे. पुढच्यांना सावलीत जायचं असतं, मागच्यांना पाण्याकडे. सगळा वेळ हे भांडण. मग वशिंडावर बसलेला उंदीर दोघांना चार शब्द सुनावतो आणि एकदाची स्वारी कुठेतरी पोचते. रोज हेच! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, यात काय मेलं बघण्यासारखं? आता भाजी चिरता चिरता मीच ओरडते, अरे गाढवा, पाणी मागे राहिलं! उंटाला गाढव म्हटलं म्हणून मग तुमचा लेक माझ्यावर रुसतो.

बाजारात ढांगूचं काही म्हणजे काही मिळत नाही. सगळीकडे उडणारे आणि ठोसे मारणारे, भांडखोर उंट कोणाला हवाय? तेव्हा सगळं घरीच करायचं ठरलं आणि तेव्हापासून घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही. लिफ्टचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात ती खोकी लिफ्टवाले रोज खांद्यावर टाकून आणतात. (आमचे हे असं तुमच्यासमोर म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून मी आपलं लिफ्टवाले म्हणते. चालेल ना?) त्या खोक्यांची खजुराची झाडं झाली, पाण्याचं तळं झालं, येणाऱ्या मुलांसाठी कोल्ह्याचे, सापाचे, विंचवाचे मुखवटे झाले. निवडुंग मी टाचण्या टोचून जरा जास्तच खरा केला. परवा लिफ्टवाल्यांचा अनवाणी पाय त्यावर पडला आणि ते असं काही नाचले की पोराची हसून पुरेवाट झाली. खालच्या मजल्यावरची केकवाली तुम्हाला आठवत असेल. ती अजून तशीच आहे, मिठाएवढा सल्ला मागायला जावं तर पोतंभर देते. तिने नमुन्याचा केक करून पाहिला. भट्टीतून काढला तेव्हा उंट होता, आमच्या टेबलावर येईपर्यंत वशिंड बसलं आणि त्याची म्हैस झाली. म्हैस आम्ही आवडीने खाल्ली. दुसरा नमुना झाला पाहिजे असं आता सगळ्यांचंच मत आहे.

पण खरी मजा पुढेच आहे. मी उंट शिवलाय. खरोखरचा, माणसांनी आत शिरायचा! मी सोफ्यांची कव्हरं आणि पडदे शिवते हे तुमच्या कानावर असेल. एका दातांच्या डॉक्टरांकडच्या वेटिंग रूमचे सोफे मी केले, त्यातलं मोहरीच्या रंगाचं कापड उरलं होतं. त्या रंगावर बसून लोकांना काय वाटत असेल ते असो, उंटाला मात्र तो झकास दिसतो. मानेत फोम भरला, आत पडद्याचा रॉड घातला, आणि लिफ्टवाल्यांनी डोकं लढवून दोन दांड्या बसवल्या. डावी ओढली की मान वर-खाली होते, उजवी ओढली की सायकलच्या ब्रेकच्या वायरने तोंड उघडतं. मी पाहतच राहिले. या माणसाला घरातला गळका नळ दुरुस्त करायला कधी वेळ होत नाही, पण उंटाचा जबडा एका दुपारी तयार! उंटात माणसं दोन लागतात. पुढचा उभा राहून मान चालवतो. मागच्याने वाकून पुढच्याची कंबर धरायची, त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. मागचे पाय मी पहिल्या दिवशीच स्वतःकडे घेतले. एक तर मशीनवर बसून बसून मला वाकायची सवय, आणि दुसरं म्हणजे टाचण्या कुठे राहिल्यात ते मलाच ठाऊक. उंदीर अर्थातच उत्सवमूर्ती. त्याच्या टोपीला कानही शिवून झाले, आणि ती टोपी घालून तो आंघोळीलासुद्धा जातो.

पुढचे पाय लिफ्टवाल्यांकडे आले. गेल्या रविवारी आम्ही तालीम केली. त्यांची उंची तुम्हाला माहीत आहे. पुढून उंट छताला टेकला, मागून मी जमिनीला, आणि घसरगुंडीला शेपूट लावावं तसा काहीतरी प्रकार तयार झाला. मान वर केली ती दिव्यावर, खाली केली ती केकवालीने ठेवलेल्या डब्यावर. मी आतून ओरडतेय थांबा थांबा, ते ओरडताहेत कुठली दांडी, कुठली दांडी. मला वाटलं पोरगं हसून हसून लोळत असेल. बाहेर डोकं काढलं तर हा खुर्चीवर गंभीर बसलेला, उंदराचे कान लावून. म्हणाला, बाबांना मान चालवता येत नाही. मान आई चालवणार आहे.

रडला नाही हो, हट्टही केला नाही. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं सांगितलं. वर कारणही दिलं. आई बंदरावर एवढी मोठी क्रेन चालवते, घराएवढे डबे उचलते आणि जहाजात नेऊन ठेवते, ती कुठे आपटते का? मग ही एवढीशी मान तिला काय जड आहे? मी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी उंट अंगावेगळा केला, नीट घडी घातली, आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. हा माणूस दिवसभर लोकांच्या लिफ्ट सोडवतो आणि स्वतः मात्र दोन मजल्यांच्या मधे अडकून बसतो, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. मागाहून मी त्यांना विचारलं, त्यांना बोलावू या का? म्हणाले, ती येणार नाही. मी म्हटलं, कधी बोलावलंत का? झालं, लिफ्ट पुन्हा अडकली!

त्या दिवसापासून उंटाचा मागचा भाग माझ्या मशीनशेजारी उभा आहे आणि पुढचा भाग खुर्चीवर बसलाय. तुमचा लेक येता-जाता त्याला बिस्कीट दाखवतो. पुढचे पाय अजून आलेले नाहीत, असं तो केकवालीला सांगतो, पोस्टमनला सांगतो, शाळेतही सांगून आलाय. ते येणार की नाही असा प्रश्न त्याच्या डोक्यात नाहीच. तो माझ्या डोक्यात आहे, आणि सुई बोटात घुसावी तसा दिवसभर टोचतोय. रविवारी दुपारी सगळी मुलं मुखवटे लावून बसतील, आणि हा टोपीचे कान सावरत दाराकडे बघत राहील, ते मला बघवणार नाही. एवढंच मला कळतं.

खरं सांगू? तुमचा चेहरा मी अजून धड पाहिलेला नाही. तुम्ही खालच्या फाटकापाशी येता, तो पाठीवर दप्तर घेऊन धडाधड जिने उतरतो, आणि मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघते. तुमच्या केसांतला भांग मला पाठ आहे. तुम्ही त्याच्या बुटाची नाडी खाली बसून बांधता, तो तुमच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहतो, तेही मला पाठ आहे. पण मी आल्यापासून तुम्ही एकदाही वर आलेल्या नाहीत. नव्या संसारात जुनं माणूस कशाला, पोराचा गोंधळ होईल, असं तुम्ही फोनवर म्हणालात ते लिफ्टवाल्यांनी मला सांगितलंय. चांगल्या मनाने म्हणालात, मला कळतं. मलाही तुमची भीती वाटायची, अजून थोडी वाटते. कपाटांतल्या तुमच्या हातच्या घड्या, तुम्ही निवडलेला स्वयंपाकघराचा रंग, सगळीकडे तुम्ही आधी येऊन गेलेल्या. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही हे दिव्याखालचं अंधारं घरसुद्धा तुम्हीच पसंत केलेलं! पण गोंधळाचं म्हणाल तर पोराचा काही गोंधळ नाही. पुढचे पाय कोणाचे आणि मागचे कोणाचे हे त्याला पक्कं माहीत आहे. गोंधळ आपल्या तिघांचा आहे. आणि ती म्हण, माय मरो पण मावशी जगो, ती ज्याने केली तो मला एकदा भेटायला हवा. माय का म्हणून मरावी? दोघी जगू की धडधाकट!

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काल, कोणी बोलावण्याआधीच, तुमचा निरोप आला की यंदाही जमणार नाही, पार्सल पाठवते. लिफ्टवाल्यांनी तो मला दाखवला, पोराला अजून सांगितलेला नाही, आणि सांगायचं धाडस दोघांतही नाही. म्हणून हे पत्र. पार्सल नको. आणि एका उंटाच्या आत शिरायचं म्हटल्यावर अहो-जाहो तरी कसलं करायचं, म्हणून आता तूच म्हणते. ताई, तुझा एक निळा कोट दारामागच्या खुंटीवर अजून आहे. तो त्याने कोणाला काढू दिला नाही, आणि मलाही कधी काढावासा वाटला नाही. तालमीच्या दुसऱ्या दिवशी मी उंटाचा पुढचा भाग सगळा उसवला, तो कोट टेबलावर पसरला, आणि त्याच्या मापाने पुन्हा शिवला. खांदे तुझे, उंची तुझी, दांड्या तुझ्या हाताला येतील अशा. आता तो लिफ्टवाल्यांच्या डोक्यातूनही आत जात नाही, आणि मला घोट्यापर्यंत येतो. दुसऱ्या कोणाला होणारच नाही असा शिवलाय, मुद्दाम. पोराने तो पाहिला, कोटाशेजारी धरला, आणि बिस्कीट पुढच्या पायांपाशी ठेवून गेला. शिफ्ट बदलून घे, काय वाटेल ते कर, पण फाटकापाशी थांबू नकोस, तिन्ही जिने चढून वर ये. लिफ्टवाल्यांशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, उंटाच्या आत कोणाला दिसणार आहे? तू सावलीत ने नाहीतर पाण्याकडे, मी भांडणार नाही. मागून मला काहीच दिसत नाही गं. मी तुझी कंबर धरेन, तू नेशील तिकडे येईन.

तुझीच,
मागचे पाय