बर्टोकाकांचा फुटलेला क्लब

शिकागो, ९ सप्टेंबर २००५

तीर्थरूप दादास, रागासकट नमस्कार.

मी बरा आहे, एवढं आईला वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

विरुद्ध संघाच्या गोलकीपरकडे जेवलो म्हणून तू मला तालमीच्या फुटबॉल संघातून काढलंस. ते मी विसरलेलो नाही.

हॉटेलात माझ्याबरोबर भांडी घासणारे फिलिपिनो बर्टोकाका काल सांगत होते. त्यांच्या गावचा फुटबॉल क्लबही दोन भावांच्या भांडणात फुटला. पुढे कुणाकडेच अकरा खेळाडू उरले नाहीत, तेव्हा गावाने दोन्ही संघ एक केले. थोरला भाऊ मात्र हट्टाने गाव सोडून गेला.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"तुझ्या शेजारी उभा आहे," काका म्हणाले.

आपल्या संघात किती उरलेत, मोजून कळव.

तू मानलंस तर तुझा धाकटा,
अवधूत