मेन स्विचवरचं कुलूप

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप काका,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आजच, हातोहात पोचलं. काकूंचा खोकला कमी झाला का? तुमच्या गुडघ्यांचं विचारत नाही. लिफ्ट बंद झाल्यापासून तुम्ही सातव्या मजल्यावरून खाली उतरला नाहीत, हे कळलंय मला.

तुम्ही लिहिलंय, "जुना सूड उगवायला तू आमच्या इमारतीची लिफ्ट बंद करून बसली आहेस. ते कुलूप काढ आणि माझ्या नातीला घरी पाठव. उद्या सरकारी लिफ्ट-निरीक्षकापुढे पोरीला उभी करू नकोस."

सूड हा शब्द तुम्हीच काढलात, बरं झालं. म्हणजे तुम्हाला आठवतंय.

बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी तुमच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत कामाला लागले होते. हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती. ब्रेक मी उघडला, मीच बसवला. तुम्ही शेजारी उभे राहून बॅटरी धरली होतीत. काम झाल्यावर म्हणालात, "तू मागच्या जिन्याने जा, खाली हॉस्पिटलचे मालक उभे आहेत." लिफ्टमधून तुम्ही एकटे उतरलात आणि शाबासकी घेतलीत. शिवाय रात्री जेवताना सगळ्यांदेखत म्हणालात, "मुलीचा हात लागलाय हे कळलं, तर आजारी माणूससुद्धा जिना चढेल!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. मग तुम्ही मला ऑफिसात टेलिफोनवर बसवलंत. इंजिनिअरिंगची पदवी पर्समध्ये, आणि मी दिवसभर लोकांना सांगतेय, "माणूस पाठवतो हं!"

तुम्ही मला 'भोंगा' म्हणता, हेही कानावर आलंय. भोंगा वाजणारच, काका. मी शाळाशाळांतून जाते ती गोड गोड बोलायला नाही. टेबलावर मोटर उघडते, हाताचं ग्रीस दाखवते आणि मुलींना म्हणते, "लांबून काय बघता? या, हात घाला." हे काम करणारी बाई मला लहानपणी एकदा जरी दिसली असती, तर तुमच्या त्या विनोदावर मी हसले नसते.

अशाच एका शाळेत एक पोर रांग मोडून पुढे आली. तुमचंच नाक, तुमचीच घाई. तुमची नात, भिंगरी! मी तिला हाताशी धरलं, सुट्ट्यांमध्ये कामावर नेलं, तिने इंजिनिअरिंगला जायचं म्हटल्यावर तुमच्या घरात भांडायला बळ दिलं. हे सगळं मायेने केलं असं समजू नका. तुमच्याच घरातली मुलगी तुमच्या नाकावर टिच्चून घडवायची होती मला.

गेल्या आठवड्यात तुमच्या इमारतीने लिफ्टच्या देखभालीचं काम तुमच्या कंपनीकडून, म्हणजे आता तुमच्या मुलाकडून, काढून माझ्या कंपनीला दिलं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये भिंगरीने ब्रेक उघडला आणि पाना खाली ठेवला.

"काय गं, दातखीळ बसली का?"

तिने ब्रेकचं अस्तर माझ्यापुढे धरलं. झिजून आतला पत्रा उघडा पडला होता. शेजारी भिंतीवर तुमच्या कंपनीचा शिक्का होता, ताजा: तपासणी झाली, सर्व ठीक. खाली तिच्या बापाची सही.

"आत्या, आजोबा रोज याच लिफ्टने जातात गं."

काम करणाऱ्याने मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि काम संपेपर्यंत ती मालकालाही द्यायची नाही, हा आमचा नियम. तेव्हा नीट वाचा, काका. ते कुलूप माझं नाही. तुमच्या नातीचं आहे. तुम्ही घरात अडकलात ते तिच्यामुळे, आणि जिवंत आहात तेही कदाचित तिच्यामुळेच.

तुमचं पत्र मी तिच्या हातात दिलं. म्हटलं, "उद्या निरीक्षकाशी मी बोलते. तू बाहेर थांब. सख्ख्या बापाविरुद्ध जाणार आहे हे."

ती पाना पुसत राहिली. मग म्हणाली, "उघडलं मी, बघितलं मी, आणि बोलणार तू? का म्हणून?"

म्हटलं, "बरं, तूच बोल." नंतर ती रडली, बापासाठी. मी तिला जवळ घेतलं. आणि तिला जवळ घेऊन बसलेली असतानाही मला आनंद होत होता. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

तिला मी घरी पाठवणार नाही. नवीन अस्तर बसेल, तेव्हा कुलूप तीच काढेल. निरीक्षक उद्या सकाळी तळमजल्यावर तिचं म्हणणं ऐकणार आहेत. तुम्ही या. कठडा धरून, दर मजल्यावर दम खात या. कितीही वेळ लागू द्या. तुम्ही पोचेपर्यंत मी त्यांना थांबवून धरीन. तिचा एकही शब्द तुमच्या कानावरून निसटायला नको.

काकूंना नमस्कार. तुमची पुतणी म्हणून सही करायला हात धजत नाही, तेव्हा उरलेल्या नात्याने करते.

भिंगरीची आत्या