अडकलेला नकार

रुपीबाईंचं घर,
फुलसावंगीजवळचा तांडा
१४ नोव्हेंबर २०१७

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. अब्बांचा खोकला कसा आहे? तनवीर दूल्हाभाईंना सलाम, पोरांना पापा. मी मजेत आहे. इथली भाकरी खाऊन माझे गाल वर आलेत, हे अब्बांना मुद्दाम सांग.

हातानं लिहिलेलं पत्र, तेही तुझ्या शाळेच्या पत्त्यावर, बघून तू दचकशील. दचकू नकोस. कारण सांगते, पण जरा रमतगमत सांगू दे.

इथे सकाळी धुकं असतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी चार पावलांवर दिसेनाशा होतात. मी सापळ्या-सापळ्यानं फिरते. आत मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं बोंडअळीचे नर पतंग येऊन अडकतात. ते मोजायचे आणि आकडा संस्थेला फोनवर कळवायचा, हीच माझी नोकरी. यंदा अळीनं कहर केलाय. टपोरं हिरवं बोंड फोडावं तर आत गुलाबी वळवळ. शेताचा मालक ते बोंड माझ्यासमोर धरतो. मी ते वहीत टिपून घेते. तरी आपा, त्या धुक्यात चालताना मी अर्धी स्वप्नात असते आणि मला ते फार आवडतं. इतकं कशातच आवडलं नव्हतं.

आता मुद्दा. गेल्या जुम्म्याला तू फोनवर विचारलंस, आदिलाबादच्या शाहिदचं स्थळ पसंत आहे का? फोन स्पीकरवर होता. मागे अब्बांचा खोकला ऐकू आला. "मेल करते," एवढंच म्हणाले. तू हसलीस. लाजली, असं तुला वाटलं.

त्याच दुपारी मेल लिहिला. "आपा, नाही. मुलात खोट नाही, पण त्यांना घरात राहणारी सून हवी आहे आणि मला हे काम सोडायचं नाही." पाठवला. गेला नाही. आउटबॉक्समध्ये तसाच बसून राहिला. गंमत बघ, येणारे मेल धडाधड येत होते. तुझाही आला. "तुझं काहीच आलं नाही. अब्बा म्हणतात, लडकी चुप है मतलब राजी है. येत्या जुम्म्याला ते लोक अंगठी घेऊन येताहेत. मुबारक!"

ते वाचून मी आधी आउटबॉक्स उघडून पाहिला, माझा मेल तिथेच. खोटं कशाला बोलू, मेल अडकला त्या दिवशी मला थोडं हायसंही वाटलं होतं. नाही म्हणून झालं होतं आणि कोणाला ते ऐकूही गेलं नव्हतं. आता मात्र माझा फोनच माझ्या वतीनं हो म्हणून बसला होता.

मग काय काय केलं, विचारू नकोस. पाण्याच्या टाकीवर चढले. फुलसावंगीच्या विमलताईंच्या रिचार्जच्या दुकानात गेले. त्यांनी बॅटरी काढली, सिमवर फुंकर मारली, फोन उन्हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, येऊन राह्यलं सारं, जाऊन नाही राह्यलं. असं काहून?" तेच तर मला विचारायचं होतं. पुन्हा फोन करावा, तर तो स्पीकर आणि तो खोकला.

दुपारी परतले तर अंगणात रुपीबाईंची लग्न ठरलेली लेक संगीता ढावलो शिकत होती. यांच्या बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी महिनाभर बायका तो शिकवतात. संगीता आजीच्या गळ्यात पडून इतकी सुरेल रडत होती की मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले.

रुपीबाईंनी विचारलं, "तुमच्यात पोरगी काय गाते?"

"काही नाही. गप्प राहते. गप्प राहिली म्हणजे होकार."

"आन् तिले नाही म्हनाचं असन तं?"

"तर बोलावं लागतं."

"मंग बोल ना माय! कायले गप बसून राह्यली?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, आपा.

लिंबाखाली बसले आणि फोनच्या सेटिंगमध्ये एकेक रकाना उघडून पाहिला. आठवतं, घरच्या ब्रॉडबँडबरोबर मिळालेला मेल तूच मला लावून दिला होतास? त्यातच मेख होती. घरच्या नेटवरून मेल पाठवला की कोणी काही विचारत नाही, कारण घर ओळखीचं. बाहेरून पाठवला की विचारणा होते, तू कोण? तिथे आपलं नाव आणि पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. तो रकाना मी कधी भरलाच नव्हता. भरला. क्षणभर चाक फिरलं आणि आउटबॉक्स रिकामा झाला.

तुझं उत्तर लगेच आलं. "मिळाला. आता तू गप्प राहा, अब्बांशी मी बोलते."

मी रडले गं. अंगणात आधीच रडण्याचा तास चालू होता, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

मेल चालू झाला, मग पत्र कशाला? तुझा मेल तनवीरभाईंच्या फोनवरही उघडतो, म्हणून. ते भले आहेत, म्हणूनच पुढचा प्रश्न तुला कधी कोणी विचारला नाही. तुझ्या निकाहच्या वेळी मामू तुला कबूल आहे का विचारायला आत आले, तेव्हा मी तुझ्या मांडीला चिकटून बसले होते. तू गप्प होतीस. सगळे मुबारक म्हणाले, कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. पण तुझा हात माझ्या हातात होता, आपा, आणि तो बर्फासारखा गार पडला होता.

ते लाजणं नव्हतं ना? तेव्हा तुला काय म्हणायचं होतं? आता त्यानं काही बदलणार नाही, ठाऊक आहे. तरी मला सांग. फोनवर नको, मेलवर नको. कागदावर लिही, इथल्या पत्त्यावर.

अजून तुझा हात धरून बसलेली,
तमन्ना