घरची पहिली बिअर

रोहा, रविवार संध्याकाळ

पाय भरून आलेत. यापेक्षा कंपनीतली शिफ्ट परवडली. धान्यापासून बिअर करणं सोपं असतं म्हणे! सकाळपासून गॅसपुढे उभा आहे. जवाचा भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात घातला, पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं. गाळायला सुनंदाने चक्का बांधायचं फडकं काढून दिलं. स्वतःहून. मला वाटलं, बायको राजी आहे. गाळलेलं पाणी तिने चाखलंसुद्धा. "गोड हाय हो, नाचणीच्या सत्वासारखं," म्हणाली आणि हसली.

मग हॉप्सच्या फुलांच्या कडू गोळ्या घालून उकळलं, थंड केलं, बादलीत ओतून यीस्ट टाकलं.

"आता काय?" तिने विचारलं.

"आता आंबेल."

तिचा चेहरा उतरला. तिचे वडील घरातच गूळ आंबवून दारू गाळायचे, त्या दारूनेच गेले. मला माहीत नव्हतं का? होतं. पण बिअर म्हणजे ती दारू नव्हे, हे मीच ठरवलं. फडकं दिलं म्हणजे होकार, हेही मीच.

"ओतून टाकू का गो?"

"नको. दिवसभर राबलात. फक्त उघडायच्या आधी सांगा, मी कासू गावाला आईकडं जाईन. तो वास मला नाय सोसत."

बादली मागच्या खोलीत ठेवून आलो. पहिला ग्लास दोघांनी मिळून घ्यायचा, असं मनात होतं. तिला ते कधी सांगितलंच नाही. आता कुणासाठी आंबतंय ते?