वॅगनची केळी

देवपूर, मंगळवार, १३ डिसेंबर १९५५

आज आबा वसतिगृहावर येऊन गेले. मला कॉलेजची स्कॉलरशिप मिळाल्यावर वडील पहिल्यांदाच भेटले, पण खाटेवर नीट टेकलेसुद्धा नाहीत. फडक्यात बांधून आणलेली केळी तेवढी टेबलावर ठेवली. लांब, भरलेली, कुठे डाग नाही.

असली केळी आमच्या घरात आम्ही कधी खात नाही. ती रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून दिल्लीला जातात, नाहीतर पाहुण्यापुढे ठेवतात. आम्हाला फुटकी, काळी पडलेली. आई ती दुधात कुस्करते आणि आम्ही भावंडं एकाच ताटात हात घालतो.

मी म्हटलं, "आबा, हे कशाला आणले? फुटके चालले असते."

"तू आता स्कॉलर झाला. तुले फुटके कसे देऊ?"

किती कौतुकाने म्हणाले! मग मला पाहुणा झाल्यासारखं का वाटलं? ही स्कॉलरशिप मलाच हवी होती ना? रात्र रात्र तिच्यासाठीच जागलो ना?

खोलीतल्या पोरांनी केळी हां हां म्हणता संपवली. एक मी उशाशी ठेवलंय. काळं पडेपर्यंत खाणार नाही.