डब्यातलं शेवाळ

गोवा,
१४ मे १९९१

तीर्थस्वरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

दक्षिण ध्रुवाकडून परतून दोन महिने झाले, पण प्रयोगशाळेतून हलता येत नाही. निघताना तुम्ही स्वतः कल्हई केलेला पितळी डबा दिलात ना, त्यातला चिवडा बोटीवरच संपला. पण तिथल्या बर्फात डबा उघडला, की कल्हईच्या नवसागराचा वास आल्यासारखा वाटायचा आणि मी औरंगाबादला छावणीतल्या आपल्या दुकानात तुमच्या भट्टीपुढे बसलेली असायची. फार आठवण यायची, नाना.

तिथे दगडांवर शेवाळ उगवतं. त्याला मुळं नसतात. हवेतून, वितळलेल्या बर्फातून जे येईल ते पितं आणि धरून ठेवतं. आपल्या धुरातलं शिसं तिथवर पोचलं का, हे त्यातून कळतं. एके दिवशी पिशव्या संपल्या, म्हणून एक नमुना तुमच्या डब्यात ठेवला. तुमच्या हातावर इतका भरवसा, की शंकाही आली नाही. बाकी सगळ्या नमुन्यांत शिसं नावापुरतं, त्या एकात भरमसाट.

तुम्ही कल्हईच्या कथलात शिसं घालता का? ते पोटात जाणं फार वाईट. घालत असाल तर आजपासून बंद करा. त्या नमुन्याचं मी कुणाला सांगणार नाही. तुमचं नाव खराब झालेलं मला बघवणार नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
वच्छला

छावणी, औरंगाबाद,
२७ मे १९९१

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. होय, घालतो. वस्तादांनी शिकवलं होतं, शिशाचा तुकडा टाकला की झळाळी चढते. चाळीस वर्षं चढवली. तुझ्या डब्यात तर जरा जास्तच, लेक एवढ्या लांब चालली म्हणून. तू एवढी शिकलीस, पण बापाची कल्हई तपासायचं तुला सुचलं नाही, याचं हसू येतं अन् रडूही.

लपवायचं मात्र पटलं नाही. काल दुकानापुढं उभा राहून सांगितलं, भांडी परत आणा, खरवडून निव्वळ कथलाची कल्हई करून देतो. शेजारचा गयास म्हणतो, मला याड लागलंय, आता इथं कुणी फिरकायचं नाय. आपली जुनी गिऱ्हाईक आवडाबाई हंडा आपटून गेली, लई बोलली. तिचं बरोबरच आहे.

तुझ्या आईचं पोट शेवटची दोन वर्षं दुखायचं. वैद्य बदलले, पथ्य बदललं, पातेलं तेच राहिलं. दर महिन्याला मीच ते उजळून द्यायचो, अन् ती कौतुकानं म्हणायची, कसं आरशासारखं झालंय. आज सगळ्यात आधी ते खरवडलं, पार तांबं दिसेपर्यंत.

माया आहे तशीच ठेव, अन् आकडाही आहे तसाच लिही. कारण विचारलं तर माझं नाव घाल.

तुझे नाना,
बन्सी कल्हईवाले