हँडल दोन इंच वर

४ सप्टेंबर १९७८
चौथ्या तासानंतर मुख्याध्यापिका बाईंनी (पुढे मु. बाई) कार्यालयात बोलावले. अकरावी-बारावीचे पदार्थविज्ञान दिवाळीनंतर रिकामे होत आहे, ते मी घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. प्रयोगशाळेच्या किल्ल्याही माझ्याकडेच राहतील. एम. एस्सी. झाल्यापासून नऊ वर्षे सातवीला तरफेचे तीन प्रकार शिकवीत आले, आता कोठे...
अट एकच. सत्र सकाळचे आहे आणि पहिला तास ठीक सातला.
"सुधाबाई, दिरांच्या स्कूटरवर भिस्त ठेवून हे व्हायचे नाही. ऑगस्टात तीनदा प्रार्थना चुकली तुमची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होय की नाही ते लेखी द्या."
घरी कोणाला सांगितले नाही.

५ सप्टें.
परिस्थिती क्रमाने मांडते. एप्रिलमध्ये न्हाणीघरात घसरले, डावे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण मनगट मागे पूर्ण वळत नाही आणि त्यावर भार पेलत नाही. माझे यजमान चांद्याला नोकरीवर. म्हणून जूनपासून धाकटे दीर वसंतभाऊजी मला काटोल रोडवरून टेकडीमार्गे धरमपेठेत शाळेत पोहोचवतात आणि साडेपाचला फाटकाशी येऊन हॉर्न वाजवतात. एक दिवस चुकले नाहीत. तक्रारीला जागाच नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.
स्कूटरवर एका अंगाने बसावे लागते. जाताना रस्त्याची डावी बाजू दिसते, येताना दुसरी. म्हणजे दोन्ही बाजू पाठ झाल्या. समोरचा रस्ता मात्र जूनपासून एकदाही पाहिलेला नाही. समोर भाऊजींचा सदरा.

७ सप्टें.
सायकल बाहेर काढली. मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमागे, जुने लुगडे पांघरून ठेवलेली होती. टायर बसलेले, बाकी ठीक.
अंगणात बसून पाहिले. दोन मिनिटांत मनगटातून कळ. कारण स्पष्ट आहे. हँडल खाली आणि पुढे आहे, त्यामुळे मी पुढे झुकते आणि धडाचा भार तळहातांवर येतो. हँडल वर आणि थोडे जवळ आले तर तो भार बैठकीवर जाईल. म्हणजे दोष मनगटाचा जेवढा, तेवढाच स्टेमचा. (स्टेम: हँडल ज्यात आवळलेले असते ती वाकडी नळी. तिचा उभा भाग पुढच्या चिमट्याच्या माथ्यात शिरतो, आडवा भाग पुढे येऊन हँडल धरतो.) उभ्या भागाने उंची ठरते, आडव्याने अंतर. दोनच राशी! इतके सोपे गणित इतके महिने मागच्या खोलीत पडून होते.
आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओट्यावरून विचारले, "काहून वं, स्कूटर टोचते का तुले?"

९ सप्टें.
गिट्टीखदानच्या चौकात दौलत मिस्त्रींकडे सायकल नेली. आहे तेच स्टेम वर ओढता येईल का, हा पहिला प्रश्न.
"बाई, हे नळी अजून उपसली तं आतमंधी धरून ठेवाले काही उरणार नाही. चढावर जोर लावसाल अन् हँडल हातात येईन."
बरोबर आहे. जेवढी बाहेर, तेवढी आतली पकड कमी. मला सुचायला हवे होते.
त्यांच्या डब्यात एक उंच, सरळ स्टेम निघाले. आडवा भाग जवळजवळ नाहीच. उसने दिले आणि बसवूनही दिले. माझ्या जुन्याला स्टे. १ म्हणू, याला स्टे. २.

११ सप्टें.
शाळेला सुटी. स्टे. २ घेऊन टेकडीकडे गेले. सपाट रस्त्यावर स्वर्ग. मनगट आहे याचा विसर पडला.
चढ लागला आणि पुढचे चाक दारू प्यायल्यासारखे डावी-उजवीकडे जाऊ लागले. निम्म्यावर उतरावे लागले.
कारण: हँडल अगदी जवळ आल्याने माझा गुरुत्वमध्य मागे सरकला. चढावर तो आणखी मागे जातो. पुढच्या चाकावर भारच उरत नाही, मग ते रस्ता धरणार कसे? स्टे. १ मनगट मारते, स्टे. २ चढ चढू देत नाही. हवे ते मधले: उभा भाग दोन इंच उंच, आडवा भाग स्टे. १ पेक्षा इंचभर आखूड.
मिस्त्रींना हे मातीत आकृती काढून समजावले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. "गणित तुमचं बराबर हाय बाई. पण असं स्टेम माह्याजवळ नाही. जरीपटक्यात पाहा, तिथं जुन्या सायकली मोडतात."

१३ सप्टें.
मु. बाईंचा प्रस्ताव जेवताना सांगितला. भाऊजी घास तसाच धरून म्हणाले, "सकाळी सोडीन ना मी. साडेसहाले निघू." मग घास गिळून, "दुपारी आणाले मात्र ऑफिसातून सुटता नाही येत."
आई: "मंग राहू दे. आहे ते काय वाईट हाय? सातवीच्या पोरी काय पोरी नाहीत?"
मी सायकलचे सांगितले. वरण वाढण्याची पळी आडवी-उभी धरून भार कसा सरकतो तेही दाखवले. आई पळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वरण थंड होऊन राहिलं."

१६ सप्टें.
ह्यांचे पत्र. प्रकृती विचारली आहे. सायकलबद्दल एक ओळ: वसंता आहे ना, मग हा उपद्व्याप कशाला.

१८ सप्टें.
जरीपटक्याला चालले आहे म्हटल्यावर आईंनी अडवले. "पक्षपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नसते, माहीत नाही का तुले?"
"नवी कुठे, आई? जुनीच. कोणाच्या तरी सायकलीवरून उतरवलेली."
"अवं, मंग तं अजूनच नको! कोणाच्या सायकलीची, थो माणूस हाय का गेला, कोणाले ठाव?"
घटस्थापनेपर्यंत थांबणे. दोन आठवडे.

२३ सप्टें.
पाऊस. स्कूटर. डावी बाजू.

२७ सप्टें.
आज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत डोकावले. तारेची कंपने मोजण्याचा जुना सोनोमीटर धूळ खात पडलेला. दुरुस्त होण्याजोगा आहे, तासाभराचे काम. तेवढ्यात हॉर्न वाजला.

५ ऑक्टोबर
घट बसले, बंदी उठली. भाऊजींनीच स्कूटरवरून जरीपटक्याला नेले. त्यांच्यापासून सुटण्याचे साधन आणायला त्यांच्याच मागे बसून जाणे. याची मनात नोंद घेतली.
दुकान म्हणजे लोखंडाचा ढीग. दुकानदार सिंधी गृहस्थ. मी फूटपट्टी काढली तेव्हा हसले. "बेनजी, लोग तो किलो के हिसाब से ले जाते हैं, आप इंच के हिसाब से?" पण खाली बसून स्वतः ढीग उपसला. सातवे की आठवे स्टेम हातात आले आणि मला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. उभा भाग हवा तेवढाच. आडवा भाग हवा तेवढाच. भोकाचा घेर माझ्या हँडलचा. स्टे. ३!
परत येताना सदर चौकातला सिग्नल लागला. भाऊजी पुढे पाहत म्हणाले, "वहिनी, माह्या मागं बसाचं तुमाले ओझं होते का?"
"तसे नाही, भाऊजी."
"मंग कसं?"
सिग्नल सुटला.

८ ऑक्टो.
मिस्त्रींकडे दसऱ्याआधीची गर्दी, धुवायला आलेल्या सायकलींची रांग. पाना मागून आणला आणि स्टे. ३ मी स्वतः बसवले. प्रत्येक माप दोनदा तपासले. आतली पकड तीन बोटे, पुरेशी.
आमचे अंगण लांब, पण अरुंद. सरळ सतरा पावले, वळायला जागा नाही. टोकाला उतरायचे, मागचा भाग उचलून सायकल फिरवायची, पुन्हा सरळ सतरा पावले. असे वीस वेळा केले. मनगट गप्प. मिस्त्रींना दाखवण्याची गरज वाटली नाही.

९ ऑक्टो.
पहाटे सहाला टेकडी. भाऊजी मागे स्कूटरवर. मी नको म्हटले होते.
चढ चढले. पूर्ण. चाक सरळ, मनगट सहन होण्याइतके. माथ्यावरचे डावे वळण आले, हँडल वळवले आणि पुढचे चाक जागच्या जागी थांबले. मी उजव्या अंगावर. गुडघा फुटला, डावा हात वाचवला.
रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या कारण सापडले. ब्रेकची वायर! हँडल दोन इंच वर गेले, वायर तेवढीच राहिली. सरळ जाताना कशीबशी पुरते. हँडल वळले की ताणते आणि ब्रेक आपोआप लागतो. अंगणात मी एकदाही वळले नव्हते. नऊ वर्षे मुलींना सांगते, प्रयोगात सर्व स्थिती तपासा.
भाऊजींचा चेहरा पांढरा. मी वायरचे समजावू लागले, त्यांना ऐकू येत नव्हते. "मी दादाले शब्द देल्ला आहे, वहिनी. तुमाले काही झालं तं मी काय सांगू? ऑफिसात रोज उशिराचं बोलणं खातो, तरी सोडलं का कधी तुमाले?"
हे मला ठाऊक नव्हते. चार महिने त्यांच्या पाठीशी बसून ठाऊक नव्हते.
घरी आईंनी हळद लावली. रागावल्या असत्या तर बरे.

१० ऑक्टो.
मिस्त्रींकडे गेले. लांब वायर टाकायची, दहा मिनिटांचे काम. दुकानात पाने, पक्कड, हातोडी, पंप सगळे पाटावर मांडलेले, वर झेंडू.
"आज खंडेनवमी, बाई. आज हत्यारं पूजेत. आज मी खिळाही नाही ठोकत."
"मग मी टाकते. वायर तेवढी द्या."
"टाकाल कशानं? पाना तं देवाजवळ हाय." मग माझ्या गुडघ्याकडे पाहून, "मले दाखवाले काय झालं होतं? वायर पाहून मी तवाच सांगितलं असतं."
परवा उत्तर द्यायचे आहे.

११ ऑक्टो. दसरा
आईंनी स्कूटर धुतली, हार घातला. मग न विचारता माझ्या सायकलीलाही घातला. कुंकू नेमके स्टे. ३ वर. मला वाटले, काही बोलतील. "झाली पूजा," म्हणाल्या. "आता ठेव आत."
आत ठेवली नाही. तीनला, हार तसाच ठेवून, चौकात नेली. मिस्त्रींनी हत्यारांवरची फुले बाजूला केली, पान्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "औंदा पयलं काम तुमचं." वायर बदलली. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मला स्वतःला फिरवायला लावले. दहा वेळा.
रात्री मु. बाईंना दोन पत्रे लिहिली, एक होकाराचे, एक नकाराचे. दोन्ही चार-चार ओळींची. दोन्हींत व्याकरण निर्दोष.

१२ ऑक्टो. (शाळेत, प्रयोगशाळेच्या पायरीवर)
सातच्या तासाची तालीम म्हणून सव्वासहालाच निघाले. भाऊजी फाटकाशी स्कूटर सुरू करून उभे. "मी फक्त मांगून येतो, वहिनी. बोलणार नाही."
"ऑफिस?"
"पाहू."
चढ लागल्यापासून स्कूटरचा आवाज मागे होता, पहिल्या गिअरचा. मनगट दुखले, किती, हे मोजायचे साधन नाही. निम्म्याच्या वर गेले तेव्हा श्वास इतका मोठा झाला की आवाज ऐकू येईना. माथ्यावरचे वळण घेतले, चाक फिरले. समोर रस्ता. अख्खा.
मग लक्षात आले, मागे आवाज नाही. ते थांबले, परतले की बिघाड झाला, हे कळायला मान वळवावी लागली असती, आणि मान वळवली की हँडल वळते. वळवली नाही. तशीच उतार उतरले.
पावणेसात वाजले आहेत, शाळा अजून उघडलेली नाही. मु. बाई साडेअकराला येतात. मनगट सुजते आहे, बोट दाबले की खळगा पडतो. संध्याकाळी हाच चढ दुसऱ्या अंगाने चढायचा आहे, आणि ती बाजू जास्त उभी आहे.
दोन्ही पत्रे पिशवीत. साडेपाचला फाटकाशी हॉर्न वाजेल की नाही, ठाऊक नाही. वाजावा असे वाटते की नको, तेही नाही.